मासेवाल्या कावागुचींचा हवेचा पंप

इथल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक काढणारी मुलगी सायकल घेऊन माझ्याकडे आली होती. चेन पडली होती. चेन बसवून दिली तर म्हणते, "काका, आता अंकासाठी काहीतरी लिहा. तुमच्या गॅरेजच्या आठवणी." मी म्हटलं, बाई, मी सातवीपर्यंत शिकलो, तेही मास्तरांना माझा कंटाळा यायचा म्हणून पुढच्या वर्गात ढकलत गेले. ती म्हणाली, "तुम्ही बोलता तसंच लिहा." म्हणून लिहितोय. शुद्धलेखन ती बघणार आहे. चुका राहिल्या तर तिच्या.

तुम्ही वाचणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे, ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारे. इथे जपानात येऊन गाडी कोण ठेवतंय? तुम्ही ट्रेननं जाता, आणि तुमच्या बायका सायकलवर पुढं एक, मागं एक पोर बसवून एदोगावा नदीचे पूल चढतात. त्यामुळं बॉनेटच्या खाली काय चालतं ते तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. मला तुमच्यातलं माहीत नाही, तुम्हाला माझ्यातलं. फिटंफाट.

कोल्हापुरात माझ्या हातात पाना आला तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं. तिथून इथे कसा पोचलो ते सांगत बसत नाही. फार लांबण आहे आणि त्यात माझी हुशारी कुठेच दिसत नाही. एवढंच सांगतो की गॅरेज सासऱ्याचं होतं, नदीच्या बांधालगत, पत्र्याचं, दोन गाड्या जेमतेम मावतील असं. सासरा गेल्यावर ते फुमीकडं आलं. फुमी म्हणजे फुमिको, माझी बायको. मेकॅनिकची सरकारी परीक्षा तिनं दिली. सर्टिफिकेट तिच्या नावाचं आणि हात माझे. मला जपानी बोलता येतं, भांडता येतं, पण वाचायचं म्हणाल तर स्टेशनसुद्धा मी पाटीच्या रंगावरून ओळखतो.

मराठी ती माझ्याकडूनच शिकली. दुसरं होतं कोण शिकवायला? त्यामुळं ती माझ्यासारखंच बोलायची. "मी आलो." "मी जेवलो." "मी दमलो, आता तू भांडी घास." मंडळाच्या गणपतीला पहिल्यांदा आली तेव्हा बायका तोंडावर हात घेऊन हसत होत्या. एकीनं प्रेमानं समजावलं, की अहो, बाईनं असं म्हणायचं नसतं. फुमी म्हणाली, "इतकी वर्षं हा असंच ऐकतोय. आता बदललो तर त्याला वाटेल, घरात दुसरीच बाई आली."

या फेब्रुवारीत फुमी गेली. त्यावर जास्त लिहीत नाही, दिवाळीचा अंक आहे. तिच्याबरोबर सर्टिफिकेट गेलं, म्हणून गॅरेजचं शटर खाली आलं. मुलगी मीना क्योतोला विद्यापीठात असते. ती फोनवर सारखी म्हणते, इकडं या. मी मराठीत नाही म्हणतो, ती जपानीत रागावते, दोघांचं भांडण अगदी नीट होतं. घरात माझा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे कचरा. जळणारा कुठल्या वारी, न जळणारा कुठल्या वारी, बाटलीचं झाकण कुठं आणि तिच्यावरचा कागद कुठं, हे सगळं फुमीच्या डोक्यात होतं. ती गेल्यावर माझी पिशवी रस्त्यावरच राहायची. वर एक कागद चिकटवलेला. काय लिहिलंय ते कळायचं नाही, पण रागावून लिहिलंय एवढं कळायचं.

धंद्यात गिऱ्हाइकं एकेक भेटली. एक बाई गाडी दुरुस्तीला आणायच्या आधी खालून धुऊन आणायची. म्हणायची, परक्या माणसाला घाण कशी दाखवू? त्यात तेल कुठून गळतंय त्याचा मागच धुऊन जायचा. मग मी दोन-चार दिवस गाडी तशीच उभी ठेवायचो, पुन्हा घाण व्हायची वाट बघत, आणि फुमी तिला फोनवर सांगायची, काम चालू आहे. एक बौद्ध भटजी होते. ऑगस्टमध्ये पितरांच्या दिवसांत त्यांना घरोघरी जायचं असतं, म्हणून पूर्ण कफनी घालून स्कूटरवर पळायचे. दर वर्षी कफनी मागच्या चाकात अडकायची. चाक सोडवता सोडवता मला कोल्हापुरी शिव्या सुचायच्या आणि ते डोळे मिटून ऐकायचे. एकदा म्हणाले, तुमच्या देशातले मंत्र फार जोरकस आहेत.

पण मला सांगायचंय ते कावागुची-सानांचं.

कावागुची-सान, सान म्हणजे आपलं 'राव', शोभेचे लाल मासे पाळतात. आमच्या भागात हा जुना धंदा, आता फार थोडी घरं उरलीत. घरामागं सिमेंटच्या उथळ टाक्या, त्यात मासे. उन्हाळ्यात देवळांच्या जत्रेत पोरं कागदाच्या जाळीनं मासे पकडतात ना, ते मासे यांचे. जत्रेला मासे न्यायला त्यांच्याकडं एक जुना अमेरिकन पिकअप आहे. लाल. स्टिअरिंग डावीकडं. नाक एवढं लांब की गल्लीत वळताना गाडी आधी पोचते आणि कावागुची-सान नंतर. माणूस मात्र एवढासा. उशी घेऊन बसतात.

मे महिन्यात एका सकाळी मी चहा घेत होतो तर लांबून डुक्कर कापल्यासारखा आवाज आला. गाडी बंद शटरपुढं येऊन थांबली. कावागुची-सान उतरले, वाकले, परत वाकले.

"पातिरु-सान, आपण शोकात असताना आपणास त्रास देण्याची माझी अजिबात इच्छा नव्हती, परंतु..."

आमचं नाव पाटील. इथल्या जिभेवर ते पातिरु होतं. आणि कावागुची-सानांचं 'परंतु' आलं की मी खुर्ची देतो, कारण पुढं वेळ लागतो.

गोष्ट अशी होती. गाडीची शाकेन त्याच महिन्यात संपत होती. शाकेन म्हणजे सरकारी तपासणी. ती पास झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. पिकअपला ती दर वर्षी करावी लागते. आणि मुलानं बजावलं होतं, की या वेळी नापास झाली तर गाडी भंगारात. भंगारवाल्याला बोलून पण ठेवलं होतं. तिच्या जागी पांढरी छोटी व्हॅन घेऊ म्हणत होता.

"व्हॅन चांगली असते की," मी म्हटलं.

"चांगलीच असते." ते कपाकडं बघत म्हणाले. "पांढऱ्या व्हॅनमधून मी उतरलो तर पोरांना वाटेल, कुणाचं तरी पार्सल आलं. ही लाल गाडी दिसली की ती मागं धावतात. मला आता माशांची बादली उचलवत नाही, पातिरु-सान. मुलगा उचलतो, मुलगाच विकतो. मी जत्रेत फक्त ही गाडी चालवत नेतो. ही गेली तर मला घरीच बसवतील."

एवढं लांब बोलून झाल्यावर त्यांनी त्रास दिल्याबद्दल पुन्हा माफी मागितली.

मी बॉनेट उघडलं. ओरडत होता तो हवेचा पंप.

आता हा पंप काय ते सांगतो. इंजिनात पेट्रोल जळतं, पण सगळं जळत नाही. थोडं अर्धकच्चं राहतं आणि विषारी धूर होऊन बाहेर पडतं. जुन्या अमेरिकन गाड्यांत त्यावर उपाय म्हणून हा पंप बसवला. नारळाएवढा असतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, बाहेरची ताजी हवा ओढतो आणि धुराच्या गरम नळीत फुंकतो, म्हणजे उरलंसुरलं तिथंच जळून जातं. आपल्याकडं आई चुलीत फुंकणीनं फुंकायची, धूर जाऊन जाळ व्हायचा. बस, तेच. इंजिनाची फुंकणी.

"पेट्रोल भरतो तिथला मित्र म्हणाला, तो पंप काढून फेकून द्या," कावागुची-सान म्हणाले. "अमेरिकेत म्हणे सगळे काढतात. गाडीला जोर येतो."

"अमेरिकेत लोक शर्ट काढून पण फिरतात. तुम्ही फिराल का?"

"मला सर्दी होते."

"मग पंप राहू द्या. इथं तो काढून गाडी चालवणं गुन्हा आहे, आणि नसता तरी मी फेकला नसता. तुमच्या मागं धावणारी पोरं तोच धूर घेणार ना? काढायचा, पण बरा करून परत बसवायला."

आता अडचण माझी. सर्टिफिकेट नाही, तर धंदा म्हणून मला कुणाची गाडी दुरुस्त करता येत नाही. पण मालकानं स्वतःची गाडी स्वतः उघडली तर कुणाची हरकत नसते. तेव्हा ठरलं असं, की मेकॅनिक कावागुची-सान आणि मी नुसता शेजारी उभा राहून बोलणारा म्हातारा. त्यांनी हातमोजे चढवले, पाना दोन्ही हातांनी धरला, मासा धरावा तसा, अगदी हळू. मी अर्धा चहा संपेपर्यंत दम धरला. मग म्हटलं, द्या इकडं.

पंप काढायला अवघड नाही, पण क्रम चुकला की रडवतो. नवशिका आधी पट्टा सैल करतो, मग पुलीचे बोल्ट सोडायला जातो आणि पुली नुसती गरगर फिरते. पट्टा ताणलेला आहे तोवरच पुलीचे बोल्ट ढिले करायचे, पट्टाच पुलीला धरून ठेवतो. मग पट्टा काढायचा, मग रबरी पाइप, मग पंप. पंपाचं अंग ॲल्युमिनियमचं, ठोकलं की गेलं. आणि तेल घालायचं नाही. आवाज करणाऱ्या वस्तूत तेल घालायची आपल्या लोकांना भारी हौस. या पंपात तेल गेलं की आतली पाती चिकटून बसतात. निघालेले बोल्ट फुमीच्या जेवणाच्या डब्यात ठेवत गेलो, भाताच्या कप्प्यात वरचे, लोणच्याच्या कप्प्यात खालचे. ही तिचीच पद्धत. नाहीतर मी खिशात भरायचो आणि ते तिच्या वॉशिंग मशीनमध्ये निघायचे.

पंप हातात आला. आत काजळी भरलेली. तिथंच मला रोग कळला. पंप आणि धुराची नळी यांच्यामध्ये एक झडप असते. हवा आत जाऊ देते, धूर मागं येऊ देत नाही. ती कामातून गेली होती. गरम धूर उलटा येऊन पंपाला भाजत होता. नुसता पंप बदलला असता तर नवाही मेला असता. म्हणजे झडप पण काढायला हवी, आणि ती बसलेली गरम नळीवर, वर्षानुवर्षं भाजून भाजून गंजलेली. असला आटा जोर लावला की मोडतो आणि मग नळीच बदलायची वेळ येते. ती या गाडीसाठी कुठून आणणार?

फुमी असती तर म्हणाली असती, "शिव्या देऊ नकोस, लोखंडाला कळतं." मी पहिल्या दिवशी भरपूर दिल्या. काही हललं नाही.

कावागुची-सान म्हणाले, "आजारी माशाला आपण ओढत नाही. पाणी बदलतो आणि थांबतो."

मग रोज सकाळी माशांना खाणं घालून झालं की ते माझ्याकडं यायचे, गंज सोडवायच्या तेलाचे थेंब त्या आट्यावर सोडायचे आणि डोळे बारीक करून बघत बसायचे, जणू तो वर येऊन तोंड उघडणार आहे. मग मी चहा टाकायचो. मला त्या दिवसांत सकाळी उठायचं काही कारण नव्हतं. ते येणार म्हणून उठायला लागलो. त्यांनीच मला माझ्या पिशवीवरचे कागद वाचून दाखवले. एकावर लिहिलं होतं की कृपया माशाचे काटे बाटल्यांत टाकू नका. कावागुची-सान फार दुखावले. म्हणाले, "कुठला मासा होता?" मी म्हटलं, बांगडा, तुमच्यातला नव्हता. तेव्हा कुठं चहा प्यायले.

एका सकाळी पाना लावला, जरा रेटला, आणि झडप निघाली. काही आवाज नाही, काही नाही. कावागुची-सानांनी मला वाकून नमस्कार केला आणि मग झडपेलाही केला.

दुसरी झडप चिबाच्या एका भंगारवाल्याकडं वेगळ्याच गाडीची मिळाली, आटे जुळले. बेअरिंग मापानं मिळतात, तीही आणली. राहिली आतली पाती. पंपात काळ्या कार्बनची पातळ पाती असतात, तीच फिरून हवा ढकलतात. त्यांचे तुकडे झाले होते. कंपनी म्हणते हा पंप उघडायचाच नाही, बिघडला की नवा घ्या. आणि नवा आता कुणी बनवत नाही. मी डोकं धरून बसलो.

कावागुची-सानांनी तुकडा उचलला, उजेडात धरला आणि तसेच घरी गेले. परत आले ते कागदात गुंडाळलेली तसलीच पाती घेऊन.

"हे काय?"

"माझ्या टाक्यांना हवा मारायचं जुनं मशीन आहे, त्यातली. ती जरा मोठी आहेत, पण घासता येतील."

मग तो एवढासा माणूस शटरच्या सावलीत उकिडवा बसला आणि सुरीला धार लावायच्या दगडावर ती पाती घासायला लागला. घासायचा, मी मापायचो, नाही म्हणायचो, तो परत घासायचा. दोघांचे हात, नाकं काळी. रस्त्यावरून तुमच्यातलीच एक सायकलवाली गेली, पोर मागं बसलेलं. ते जपानीत आईला म्हणालं, "आई, आजोबा मातीत खेळतायत."

पंप जोडला, बसवला, पट्टा चढवला, गाडी चालू केली. डुक्कर गप्प. फक्त फूं फूं अशी बारीक हवा. कावागुची-सान कान लावून ऐकत राहिले आणि तोंड पाडून म्हणाले, "आवाज गेला. आता पोरांना कसं कळणार?"

"हॉर्न आहे की!" मी म्हटलं. "गाडी घरी न्या, पुसा, परवा सकाळी तपासणीला जाऊ."

"आपण चालवाल ना? त्या यंत्रांवर गाडी चढली की माझे पाय माझं ऐकत नाहीत."

मी हो म्हणून गेलो. आणि मग घरात येऊन बसल्यावर लक्षात आलं, मी कशाला हो म्हणालो ते.

तपासणीच्या जागी एक लांब बोगद्यासारखी रांग असते. एकामागं एक गाड्या, खाली फिरणारे रूळ, आणि समोर वर एक दिव्यांची पाटी. पाटीवर अक्षरं येतात, ब्रेक दाबा, सोडा, पुढं या, थांबा. जे लिहिलं ते लगेच करायचं, नाहीतर यंत्र नापास म्हणतं. इतकी वर्षं गाड्या आणल्या, ती पाटी मी एकदाही वाचलेली नाही. फुमी शेजारी बसायची आणि मराठीत सांगायची. "दाब. सोड. आता जा की!" पहिल्या वर्षी तपासनीस म्हणाला, गाडीत दोन माणसं कशाला? फुमी म्हणाली, "हा पाय आहे, मी डोळे आहे." त्यानंतर तो दुसरीकडं बघायला लागला. डावीकडं स्टिअरिंग असलेली गाडी असली तर तिची आणखी गरज, कारण कागदावर शिक्का मारायचं मशीन उजव्या हाताला असतं. ती खिडकीतून हात काढून कागद घालायची, मी बसल्या जागी.

ठरलेल्या सकाळी उजव्या सीटवर कावागुची-सान बसले. उशीसकट. चष्मा पुसून घातला. मुलाचा फोन येऊन गेला होता, की भंगारवाला दुपारी मोकळा आहे.

गाडी रुळांवर चढली. पाटी पेटली.

कावागुची-सान खाकरले. "पातिरु-सान, समोर असं लिहिलेलं दिसतंय, की आपली हरकत नसल्यास ब्रेकवर..."

पाटी बदलली. भोंगा वाजला. तपासनिसाचा आवाज माइकमधून आला, "लाल गाडी, ब्रेक! ब्रेक!"

मी दाबला तेव्हा तो सोडायचा होता.

यंत्र एकदा परत संधी देतं. मी त्यांच्याकडं वळून म्हटलं, "कावागुची-सान, तुम्ही फार सभ्य आहात, पण इथं सभ्यपणाला वेळ नाही. दोन शब्द शिका. दाब म्हणजे ब्रेक मारायचा. सोड म्हणजे पाय उचलायचा."

"हे जरा उद्धट शब्द नाहीत ना?"

"फार उद्धट आहेत. ओरडा."

पाटी पेटली आणि त्या माणसानं, ज्यानं आयुष्यात कुणाला 'सरक' म्हटलं नसेल, डॅशबोर्डवर थाप मारून आरोळी ठोकली, "दाब!"

माझा पाय आपसूक गेला. "सोड!" पाय वर. "दाब!" पाय खाली. मी काच खाली केली. त्यांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं, धूर लागला. ब्रेकला गोल मिळाला. गोल म्हणजे पास, फुली म्हणजे नापास, एवढं मलाही वाचता येतं. दिव्यांना गोल, भोंग्याला गोल. शिक्क्याचं मशीन आलं तेव्हा कावागुची-सानांचा हात पोचेना, तर ते कमरेपर्यंत खिडकीबाहेर लोंबले आणि मी त्यांचा पट्टा धरून ठेवला.

शेवटी धूर. मी उतरून मागच्या नळीत धूर मोजायची कांडी घातली. थांबलो. पाटीवर फुली आली.

माझा विश्वास बसेना. परत घातली. परत फुली.

तपासनीस आला. वाकून म्हणाला, बाहेर नेऊन बघा, आज परत रांगेत आलात तर फक्त धूर तपासू. आणि वेळ संपायच्या आत या. कावागुची-सान उशी मांडीवर घेऊन बसले. भंगारवाला दुपारी मोकळा होता.

बाहेर पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. पट्टा बरोबर. पंप फिरतोय. झडप बरोबर. पाइप घट्ट. पण पाइप सोडून त्याच्या तोंडावर हात ठेवला तर फुंकच लागत नाही. फिरतोय आणि फुंकत नाही? गाडी बंद केली आणि पंपाच्या हवा ओढायच्या तोंडात बोट घातलं. मऊ लागलं. ओढलं तर पांढरंशुभ्र निघालं. वीतभर निघालं, आणखी निघालं.

"हे काय आहे?"

कावागुची-सान जागेवर ताठ झाले. "तो... टाकीच्या गाळणीचा कापूस."

"तो इथं कसा आला?"

"काल गाडी पुसताना बघितलं, की पंपाचं तोंड उघडंच आहे. धूळ जाईल म्हणून मी... माझ्या सगळ्या पंपांना मी लावतो. नवा होता. धुतलेला होता."

"कावागुची-सान, तुमचे मासे जिवंत कसे राहतात?"

"त्यांना मी थोडाच लावतो," ते म्हणाले. "याला जरा जास्त लावला. आपण एवढी मेहनत घेतली होती म्हणून."

मला हसू आलं. फेब्रुवारीनंतर मी हसलो नव्हतो, त्यामुळं ते नीट थांबेना. शेजारी एक टॅक्सीवाला तपासणीला आला होता, तो घाबरून आपली गाडी लांब घेऊन गेला. कावागुची-सान आधी बारीक तोंडानं उभे होते, मग तेही हसायला लागले, हातात तो कापूस, अगदी दात पडलेलं तोंड उघडून.

परत रांगेत लागलो. पुढं चार ट्रक, घड्याळ पळतंय. कांडी घातली. मी पाटीकडं बघितलंच नाही. कावागुची-सान खिडकीतून ओरडले, काय ओरडले कुणास ठाऊक, दाब पण म्हणाले आणि सोड पण म्हणाले. वर बघितलं तर गोल.

कागदं घेऊन खिडकीवर गेलो. तिथल्या बाई आम्हाला ओळखतात. कागदं चाळत त्यांनी विचारलं, "आज ओकुसान नाही आल्या?" ओकुसान म्हणजे तुमच्या मंडळी.

सोपा प्रश्न होता. जपानी मला येतं. मी काउंटरवरचं पेन उचललं, परत ठेवलं. मागं रांग लागलेली.

कावागुची-सान माझ्या शेजारी सरकले. त्यांचं 'परंतु' नाही, 'आपली हरकत नसल्यास' नाही. एवढंच म्हणाले, "फेब्रुवारीत वारल्या."

बाई खुर्चीवरून उठल्या, काउंटरला वळसा घालून बाहेर आल्या आणि माझ्यापुढं खूप खाली वाकल्या. मीही वाकलो. रांगेतला एक माणूस कशासाठी ते माहीत नसताना वाकला. मग बाई आत गेल्या आणि पिकअपचा नवा स्टिकर माझ्या हातात ठेवला.

काचेवर तो मीच लावला. आधी हे फुमी करायची, कारण माझे हात काळे. वाकडा लागला.

"वाकडा लागलाय," कावागुची-सान म्हणाले.

"वाकडा असला तरी सरकारी आहे."

त्यांनी मुलाला फोन लावला. "भंगारवाल्याला सांग, नको येऊस. हो. पास. हो, धूर पण." मग पलीकडून बराच वेळ काहीतरी आलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मुलगा विचारतोय, हे वर्षाचंच आहे. पुढच्या वर्षी कोण करणार? पातिरु-सान क्योतोला मुलीकडं जाणार आहेत ना, असं ऐकलं म्हणतोय."

मी फोन हातात घेतला. "पुढच्या वर्षी मी आणणार. आणि कापूस तुम्ही बाबांपासून लपवून ठेवायचा," म्हटलं, आणि फोन परत दिला.

कावागुची-सान गाडीला वळसा घालून उजव्या दाराकडं गेले. उशी नीट केली, चढून बसले, पट्टा लावला. समोर बघत म्हणाले, "चला."

मी चावी फिरवणार होतो, थांबलो. त्यांनी ते मराठीत म्हटलं होतं. दाब आणि सोड मी शिकवले होते. चला नाही. मी गाडीत बसलो की बोलत नाही, गप निघतो. गिऱ्हाइकाची गाडी तपासणीला निघताना आत बसून हात हलवत चला म्हणायची ती एकच बाई होती. कावागुची-सान ते एवढी वर्षं शटरपाशी उभे राहून ऐकत होते.

मी निघालो.